स्टुडिओच्या माळ्यावर राहिलेले फोटो ज्याचे त्याला कसे पोचवायचे?

पत्र थोडक्यात असं आहे. विट्याहून एक ताई लिहितात:

"आमच्या मामंजींचा इथे फोटो स्टुडिओ होता, १९५० च्या आसपास टाकलेला. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आता गाळा विकायचाय म्हणून माळा साफ करायला घेतला तर खोकीच्या खोकी निघाली. लोकांनी काढून घेतलेले, मोठे करायला दिलेले आणि परत न्यायला कुणी आलंच नाही असे फोटो. काही पाकिटांवर नाव-गाव आहे, काहींवर नुसता नंबर. एका पाकिटावर लिहिलंय, 'हाफ साईज, डोळे उघडे करणे, लुगडं हिरवं', आत एका म्हातारीचा फोटो. ते बघून मला काही सुचेनाच. मिस्टर म्हणतात रद्दीत घाल. नणंद म्हणते सगळे फेसबुकवर टाक, ज्याचे असतील ते येतील. सासूबाई ८४ च्या आहेत, पूर्वी काउंटरवर त्याच बसायच्या, त्या म्हणतात राहू देत तसेच. मला मात्र वाटतं हे ज्याच्या त्याच्या घरी गेलं पाहिजे. पण सुरुवात कुठून करू? वंशावळ काढायची म्हणजे नेमकं करायचं काय?"

ताई, मिस्टरांचं आधी बघू. गाळ्याची घाई असते मान्य आहे, पण रद्दीवाला फोटो घेऊन करणार काय, शेवटी ते जळणातच जाणार, आणि एखाद्या घरात त्या माणसाचा जगात दुसरा फोटोच नसेल. त्या काळी आपल्याकडे खेडेगावातला माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा फोटो काढायचा, एक लग्नात जमला तर आणि एक देवाघरी गेल्यावर. तेव्हा खोकी घरी आणा, कोरड्या खोलीत, जमिनीला टेकवून नाही तर फळीवर किंवा खाटेवर ठेवा आणि मग शांतपणे बसा.

नणंदेचं बोलणं वरवर बरोबर वाटतं पण मला ते पटत नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. एक कारण आत्ताच सांगते, हे फोटो तुमचे नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातसुद्धा गिऱ्हाइकानं पैसे देऊन ऑर्डर दिलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईकच धरलाय, वेगळा काही करार झाला नसेल तर. इतक्या जुन्या फोटोंच्या बाबतीत ते हक्क संपलेही असतील, कोर्टात कुणी जाणार नाहीये, पण रीत तीच. मामंजींकडे ती माणसं विश्वासानं आली होती, आपण सांभाळणारे.

आता सुरुवात. फोटोंपासून करू नका. वहीपासून करा. प्रत्येक स्टुडिओत एक ऑर्डरची वही असायची, नंबर, तारीख, नाव, गाव, साईज, किती कॉप्या, अ‍ॅडव्हान्स किती, बाकी किती. तोच नंबर पाकिटावर आणि बऱ्याचदा निगेटिव्हच्या कडेला शाईनं टाकलेला किंवा खरडलेला असतो. तुम्ही पत्रात वह्यांबद्दल काहीच लिहिलं नाहीये, म्हणजे एकतर त्या दुसऱ्या खोक्यात तळाशी आहेत किंवा कुणीतरी हिशोबाच्या जुन्या वह्या म्हणून बाजूला टाकल्यात. त्या आधी शोधा हो. सापडल्या की दुसरं काहीही करायच्या आधी मोबाईलवर पानन् पान फोटो काढून घ्या, कारण जुन्या वह्यांना वाळवी आणि कसर लागते. ज्या पाकिटावर नुसता नंबर आहे त्याला नाव मिळायची एकमेव जागा म्हणजे ही वही. अक्षर मोडीत असलं तर घाबरू नका, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आलीय, तहसीलला नाहीतर सांगलीत चौकशी केलीत तर वाचून देणारं कुणी ना कुणी मिळेल.

वहीच्या खालोखाल सासूबाई. त्या "राहू देत" म्हणतात ना, त्यांना "हे कुणाचे आहेत सांगा" असं थेट विचारू नका, माणूस दडपून जातो. दुपारी चहाच्या वेळेला दहा-बारा फोटो समोर ठेवा आणि विचारा, हे कापड कुठलं, हा पडदा कधीचा, ह्या बाई सोबत कुणाला घेऊन आल्या होत्या. काउंटरवर बसलेल्या बाईला चेहरे लक्षात नसतील पण उधारी पक्की लक्षात असते. "हा नागेवाडीचा, तीन रुपये राहिले होते" असं काहीतरी निघेल आणि तिथून धागा लागेल. शेजारी मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवा, लिहीत बसू नका, लिहायला लागलं की त्या थांबतात.

आता फोटो कधीचा ते ओळखायचं. हे तुमच्याच भागात इतकं सोपं आहे की दुसरीकडच्या लोकांनी हेवा करावा. पाकिटावर किंवा फोटोच्या मागे पत्ता असेल तर जिल्हा बघा. १९४९ साली साताऱ्याचे दोन तुकडे होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे "जि. द. सातारा" असं लिहिलेलं पाकीट या अकरा-बारा वर्षांतलं, लोकांची सवय लगेच जात नाही म्हणून पुढे दोन-चार वर्षं धरा. आटपाडीकडच्या एखाद्या मूळ फोटोमागे "औंध संस्थान" असेल तर तो संस्थान विलीन व्हायच्या, म्हणजे १९४८ च्या आधीचा, म्हणजे तो मामंजींनी काढलेला नाही, कुणीतरी कॉपी करायला आणून दिलेला आहे आणि त्याच्या घरच्यांना त्याची किंमत जास्त. मग पैसे बघा. हिशोब आण्यात असेल तर साधारण १९५७ च्या आधीचा, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. "न.पै." म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, त्याआधी नुसतं "मुंबई २८" असायचं. मिलमध्ये गेलेल्यांचे पत्ते असेच सापडतील. कागदाच्या पाठीवर फिकट छापलेलं असतं, गेव्हर्ट, आग्फा, कोडॅक, आणि जर "इंदू" दिसलं तर तो उटीच्या सरकारी कारखान्याचा कागद, तिथलं उत्पादनच १९६७ ला सुरू झालं. आणि मागे शके लिहिलं असेल तर त्यात ७८ मिळवायचे, शके १८७५ म्हणजे १९५३, गुढीपाडव्याच्या हिशोबानं एखादं वर्ष इकडेतिकडे.

नावाच्या आधीची अक्षरं सोडू नका. "चि." म्हणजे तेव्हा लहान किंवा लग्नाचं वय, "ति." म्हणजे घरातलं मोठं माणूस आणि लिहिणारा त्याचा मुलगा-पुतण्या, "कै." म्हणजे फोटो मोठा करायला दिलाय, "ग.भा." म्हणजे नवरा गेलेला. "सौ." आणि "ग.भा." एकाच बाईचे दोन फोटोंवर सापडले तर नवरा कोणत्या वर्षांच्या मधे गेला ते कळतं, आणि ते पुढे फेरफारला जुळवायला फार उपयोगी पडतं, येते त्याच्याकडे.

ज्यावर विश्वास ठेवायचा नाही ते पण सांगते. कपडे. कोट, टाय, मनगटातलं घड्याळ, टेबलावरचा रेडिओ, फुलदाणी, हे सगळं स्टुडिओचं असायचं. एकच कोट पन्नास जणांच्या अंगावर दिसेल तुम्हाला, कुणाला बाह्या आखूड कुणाला बटण लागत नाही, तेव्हा कोट बघून "हा मास्तर असणार, हा साहेब असणार" असं ठरवू नका. दागिन्यांचं मात्र तसं नाही, ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ बायका घरचीच घालून यायच्या आणि ती सुनेकडे, नातीकडे गेलेली असते. म्हाताऱ्या बायका चेहऱ्याच्या आधी दागिना ओळखतात. आणि चेहरा ओळखणारी जी अ‍ॅप आहेत ना, त्यांच्या नादाला लागू नका, मामंजींनी रिटच करताना सगळ्यांच्या सुरकुत्या पुसून, भुवया काळ्या करून ठेवल्या असतील, मशीनला सगळे भाऊ-भाऊच वाटायचे.

आता तुमचा खरा प्रश्न, वंशावळ. लोक वंशावळ म्हटलं की मूळ पुरुषापासून सुरू करतात, सातव्या पिढीत कोण होतं. तुम्हाला त्याची गरजच नाही. तुमच्याकडे एक नाव आहे, साधारण साल आहे, आणि तुम्हाला वर नाही, खाली यायचंय, आज जिवंत असलेल्या माणसापर्यंत. म्हणजे फार तर तीन पिढ्या. आणि त्यासाठी आडनावापेक्षा गाव महत्त्वाचं. आडनाव घेऊन बसलात तर अख्खी भावकी त्याच आडनावाची, एका गावात एका नावाचे चार सखाराम. गाव, बापाचं नाव आणि घराची ओळख, म्हणजे मळ्यातले, वरच्या आळीचे, पेठेतले, पाटलाच्या शेजारचे, हे तीन असलं की माणूस सापडतो. गावसुद्धा कुठलं ते नीट बघा, भाळवणी तुमच्या खानापूर तालुक्यात आहे, पंढरपूर तालुक्यात आहे आणि तिकडे पारनेरलाही आहे. विट्याच्या स्टुडिओत आलेला माणूस बहुतेक जवळच्याच भाळवणीचा, पण लग्नाच्या ग्रुप फोटोत वऱ्हाड कुठलंही असू शकतं.

म्हणून खोक्यांची वाटणी गावाप्रमाणे करा, माणसाप्रमाणे नको. एका गावाची सगळी पाकिटं एका फाईलमध्ये. मग एक गाव घ्यायचं, ज्यात पाकिटं जास्त आहेत आणि जिथे तुमची ओळख आहे, माहेरचं असेल तर उत्तमच. गावात जाऊन पहिल्यांदा पुरुषांच्या पारावर जाऊ नका. पुरुषांना जमीन माहीत असते, नाती बायकांना. पन्नास वर्षांपूर्वी सून म्हणून आलेली बाई असते ना, तिला सगळी भावकी पाठ करावी लागलेली असते, कुणाच्या पाया पडायचं, कुणाशी अबोला आहे, कुणाची पहिली बायको वारली. ती फोटो हातात घेऊन सांगते की ही अमक्याची थोरली, हिला मूलबाळ नव्हतं, पुतण्याला दत्तक घेतला, तो आता कऱ्हाडला असतो. हे कुठल्याही सरकारी कागदावर एवढं सरळ मिळत नाही.

तरी कागद लागतातच, खात्री करायला. सातबारा महाभूलेखच्या साईटवर नावानं शोधता येतो, जिल्हा-तालुका-गाव निवडून नाव टाकायचं, फुकट बघता येतं. पण सातबाऱ्यावर आजची नावं असतात, तुम्हाला पाहिजे तो माणूस १९६४ ला गेलेला. त्यासाठी सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर असतात, त्यातला वारसाचा फेरफार काढायचा. माणूस गेला की वारस लागले, त्या नोंदीत मयताचं नाव, बायको, मुलं, बऱ्याचदा मुलीही येतात. तलाठ्याकडे नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून नक्कल मिळते. जुन्या नोंदीत "अमुक बिन तमुक" म्हणजे तमुकचा मुलगा आणि "अमुक कोम तमुक" म्हणजे तमुकची बायको, कधी "भ्र." पण दिसेल, भ्रतार म्हणजे नवरा. तुमच्या पाकिटावर मामंजींनी असंच लिहिलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा बिन-कोमला आडनाव समजू नका, समजणारे भेटलेत मला. मग मतदार यादी, ती निवडणूक आयोगाच्या साईटवर गावाप्रमाणे मिळते, त्यात बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय असतं, नातवंडं त्यात सापडतात. शाळेचं जनरल रजिस्टर सगळ्यात भारी, जन्मतारीख, पालक, राहणार कुठले, सगळं, पण ते हेडमास्तर परक्याला दाखवणार नाहीत आणि दाखवूही नये, घरचं माणूस सापडलं की त्यांनाच सांगा.

बायकांचा शोध अवघड जातो हे आधीच धरून चाला. लग्नात आडनाव बदललं, बापाचं नाव गेलं, बऱ्याच घरात पहिलं नावही बदललं. माहेरी चंपा, सासरी लक्ष्मी. म्हणून "कु." लिहिलेला फोटो असेल तर तिचा भाऊ शोधा, बहीण नाही. भाऊ त्याच गावात, त्याच नावानं, त्याच सातबाऱ्यावर असतो, आणि बहिणीचा पत्ता त्याच्याकडेच मिळतो.

तुमच्या भागात अजून एक माणूस आहे ज्याला लोक हल्ली विसरत चाललेत, हेळवी. सुगी झाली की बैल घेऊन दारात येणारा, घराण्याची पिढ्यांची नावं म्हणून दाखवणारा, नवीन जन्मलेल्या पोराचं नाव चोपडीत चढवून घेणारा. सांगली, कोल्हापूर आणि खाली कर्नाटकात अजून फिरतात ते. ज्या घराण्याचा हेळवी आहे त्या घराण्याचा वंश त्याच्या चोपडीत आहे, आणि त्याची घरं ठरलेली असतात, गावं ठरलेली असतात. गावात विचारा हेळवी कधी येतो, त्याचा मोबाईल नंबर कुणाकडे तरी असतोच. त्याला त्याचा मान द्या, धान्य म्हणा पैसे म्हणा, आणि मग विचारा. पुण्या-मुंबईची मंडळी तुम्हाला कुलवृत्तांत बघा म्हणून सांगतील, ठीक आहे, ज्या घराण्यांनी छापलेत त्यांच्यासाठी ते सोन्यासारखे आहेत, माहेरच्या नावासकट सगळं असतं, एखादं पाकीट तसल्या आडनावाचं निघालं तर जरूर बघा. पण तुमच्या खोक्यातल्या बहुतेक घरांचा छापील कुलवृत्तांत नसणार, त्यांचा हेळवीच. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे नोंदी असतात, त्या मात्र घरच्या माणसानंच जाऊन बघायच्या, तुम्ही गेलात तर ते विचारतील तुम्ही कोण. मिरजेच्या मिशनकडची ख्रिस्ती कुटुंबं निघाली तर त्यांच्या चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं, पाद्री साहेबांना भेटायचं.

परदेशातल्या त्या मोठ्या वंशावळीच्या साईट्स, त्यात पैसे घालू नका. फॅमिलीसर्च फुकट आहे, हौस असेल तर खातं उघडून बघा, पण खानापूर-आटपाडीच्या शेतकऱ्याचा नातू तिथे सापडेल ही आशा मला कमी आहे.

तो नातू कुठे सापडेल ते मी सांगते. कोइम्बतूर, मदुराई, केरळ, नाहीतर दिल्ली-कोलकाता. गलाईवाले! तुम्हाला मी काय सांगायचं, विट्याच्या बाईला. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळची निम्मी घरं देशभर पांगलीत. माझा तर अंदाज आहे की तुमच्या माळ्यावरचे बरेच फोटो याचमुळे राहिले, माणूस ऑर्डर देऊन गेला, पुढच्या गाडीनं मद्रास गाठलं, आणि परत आला तोवर पाकीट खोक्यात तळाला गेलेलं. काही मुंबईला मिलमध्ये गेले. ही माणसं दूर असली तरी गावाशी पक्की बांधलेली आहेत, जत्रेला येतात, बंगले गावात बांधतात, आणि प्रत्येक गावाचा व्हॉट्सअप ग्रुप असतो त्यात सगळ्यात जास्त गुड मॉर्निंग यांचेच. तेव्हा जत्रा पकडा. देवळाच्या मंडपात एक टेबल मागून घ्या, त्या गावचे फोटो झेरॉक्स किंवा साध्या प्रिंट करून वहीत चिकटवून न्या, प्रत्येकाला नंबर, ओरिजिनल घरी. मागे स्टुडिओची जुनी पाटी लावता आली तर बघा, अजून गाळ्यावर असेल तर व्यवहाराच्या आधी उतरवून घ्या. त्या पाटीचं नाव साठीच्या पुढच्या लोकांना माहीत आहे, तीच तुमची ओळख.

फोन करायची वेळ आली तर मात्र पहिलं वाक्य नीट ठरवून ठेवा. अनोळखी बाई फोन करून विचारते "तुमच्या आजोबांचं नाव काय, त्यांना भाऊ किती, आत्या किती", तर समोरच्याच्या डोक्यात एकच येतं, जमीन. कुणीतरी वारस निघाला, केस पडणार. फोन कट, आणि ग्रुपवर मेसेज, सावधान. म्हणून आधी सांगायचं मी अमक्या स्टुडिओवाल्यांची सून, आमच्याकडे तुमच्या घरचा एक फोटो राहिलाय, पैसे-बिसे काही नाही, जमिनीचा विषय नाही, फक्त फोटो द्यायचाय. मग त्यांना बोलू द्या. आणि नाव तुम्ही आधी सांगू नका, त्यांच्याकडून येऊ दे, म्हणजे खात्री होते. दोन भावकीत जुनं भांडण असेल आणि दोघांनी फोटो मागितला तर? ओरिजिनल थेट वारसाला, म्हणजे मुलगा-मुलगी-नातवंडं यांना, आणि बाकी मागतील त्यांना चांगली प्रिंट. त्यात पडू नका. फोटोवरून कोण कुणाची बायको होती असं कुणी लिहून मागितलं तर अजिबात द्यायचं नाही, फोटो कोर्टात फिरायला लागेल.

आता फेसबुक का नको ते. तुमच्या खोक्यात "दाखवायचे" फोटो असणार, मुलीचा एक उभा, एक बसलेला, हातात पुस्तक नाहीतर फुलदाणीवर हात, स्थळांना पाठवायला काढलेले. ती मुलगी आज सत्तरीची आजी आहे, कदाचित त्या स्थळाशी लग्न झालंच नाही, किंवा एक मोडून दुसरं झालं. तिला न विचारता तिचा विशीतला फोटो चार हजार लोकांनी बघायचा, खाली कमेंट्स? माझं सरळ मत आहे, जिवंत असू शकेल अशा कुणाचाही फोटो उघड्यावर टाकायचा नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे तर नाहीच. ग्रुप फोटो, शाळेचा वर्ग, तालमीतले पैलवान, किर्लोस्करवाडीच्या कामगारांची रांग, असले जाहीर प्रसंगाचे असतील आणि गावात विचारून थकलात, तर टाका. तेही फक्त गावाच्या ग्रुपवर, कमी साईजमध्ये, आणि मागचा मजकूर झाकून. मागचा मजकूर झाकायचा कारण खरा माणूस तो न बघता सांगू शकतो.

आणि ते पाकीट. "डोळे उघडे करणे." ताई, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माणूस गेला आणि घरात एकही फोटो नाही, मग फोटोग्राफरला बोलावणं जायचं, तो सायकलवर कॅमेरा बांधून जायचा आणि अंत्ययात्रेच्या आधी एक फोटो काढायचा. मग स्टुडिओत त्याची मोठी प्रिंट काढून, बारीक ब्रशनं बुबुळं रंगवून, पदर सारखा करून, लुगड्याला घरच्यांनी सांगितलेला रंग भरून, जिवंत माणसासारखा फोटो तयार करायचा, तो भिंतीवर लागायचा. कितीतरी घरात हार घातलेला जो फोटो आहे तो असाच तयार झालेला आहे, पोरांना माहीतही नसतं. तुमच्या मामंजींनी त्या म्हातारीचे डोळे केले होते का ते बघा, म्हणजे त्या पाकिटात किंवा त्याच नंबरच्या दुसऱ्या पाकिटात तयार प्रिंट आहे का. लिहिलेलं "हिरवं" आहे म्हणजे बहुधा त्या नवऱ्यामागे गेल्या नाहीत, सवाष्ण गेल्या, रंग घरच्यांनी मुद्दाम सांगितला असणार. तयार प्रिंट असेल तर नातवंडांना आधी ती द्या. मूळचा, डोळे मिटलेला फोटो वेगळ्या बंद पाकिटात ठेवा, आणि सांगा की असा अजून एक आहे, बघायचा असेल तर देते. बघायचा की नाही ते ते ठरवतील. तिथल्या तिथे उघडून दाखवू नका. फक्त मूळच असेल तर तेच सांगा, आणि हवं असेल तर आजचा कुणी फोटोशॉपवाला ते काम करून देईल, पण ते घरच्यांनी मागितलं तर, तुम्ही आपलं आपण करून नेऊ नका.

हाताळायचं थोडं सांगते, पटपट. लॅमिनेशन करायचं नाही, लोक प्रेमानं करतात आणि फोटो कायमचा गेला. सेलोटेप नाही. मागे बॉलपेननं लिहायचं नाही, मऊ पेन्सिलनं कडेला फक्त नंबर. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करा. पाण्यानं पुसायचं नाही. निगेटिव्हच्या खोक्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती निगेटिव्ह खराब होतायत, ती वेगळी काढा, वाऱ्यावर ठेवा आणि त्यांचं स्कॅनिंग आधी. काचेच्या निगेटिव्ह असतील तर उभ्या ठेवायच्या, एकावर एक नाही, आणि मधे साधा कागद. स्कॅन ६०० डीपीआयला, पुढचं आणि मागचं दोन्ही, पाकिटाचं पण. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, मोबाईल वरून सरळ धरून काढलात तरी चालतंय.

द्यायला गेलात की एक गोष्ट मागून घ्या, पैसे नाही. फोटोतली नावं. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसवा आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण ते त्यांनी बोलायचं, तुम्ही रेकॉर्ड करायचं, आणि ते रेकॉर्डिंग त्यांच्याच नातवाच्या मोबाईलवर पाठवून द्यायचं. एका घरानं सांगितलेली नावं दुसऱ्या तीन पाकिटांना लागतात, कारण गावातली सोयरीक त्याच त्या घरात. कुणी म्हणालं नको आम्हाला, तर नको. कारण विचारू नका, पाकीट फाईलला परत, वर तारीख टाकून ठेवा, कधी कधी दोन वर्षांनी त्यांच्याच मुलीचा फोन येतो.

सगळे फोटो जाणार नाहीत, हे मिस्टरांना पण सांगून ठेवा नाहीतर ते रोज विचारतील किती उरले. नंबर नाही, नाव नाही, वहीत नोंद नाही असे राहतील, त्यांचं स्कॅन करून ओरिजिनल गावातल्या वाचनालयाला किंवा कॉलेजच्या इतिहास विभागाला विचारा, घेत असतील तर वहीच्या नकलेसकट द्या, वही वेगळी करून देऊ नका. तोवर गाळ्याचं साठेखत होऊ दे, पण ताबा द्यायच्या आधी माळ्याच्या कोपऱ्यात बॅटरी मारून एकदा बघा, वह्या अजून तिथेच असतील.